रोबोकॉप : पुसलेल्या माणसाची परतवाट

विज्ञानकथांतील सायबोर्ग बहुधा दोन वाटांनी जातात. एका वाटेवर माणूस हळूहळू यंत्र होत जातो, दुसरीवर यंत्राला माणूस व्हायचे असते. १९८७ मध्ये प्रदर्शित झालेला ‘रोबोकॉप’ हा अमेरिकी चित्रपट तिसऱ्या वाटेने जातो. त्यातील ॲलेक्स मर्फी हा पोलीस कथेच्या सुरुवातीलाच मारला जातो, त्याच्या देहाच्या अवशेषांपासून एक यंत्र घडवले जाते, आणि मग ते यंत्र आपण पूर्वी कोण होतो याचा माग काढू लागते. हा माग ज्या क्रमाने लागतो, त्या क्रमातच मानवी व्यक्तिमत्त्वाविषयीची एक नेमकी मांडणी आहे.

सायबोर्ग म्हणजे काय

सजीव देह आणि स्वयंनियंत्रित यंत्रणा यांच्या संयोगाला सायबोर्ग म्हणतात. ‘सायबरनेटिक’ आणि ‘ऑर्गॅनिझम’ या दोन शब्दांचे आद्यभाग जोडून मॅनफ्रेड क्लाइन्स व नेथन क्लाइन यांनी १९६० मध्ये हा शब्द घडवला. अंतराळात पृथ्वीचे वातावरण सोबत नेण्याऐवजी माणसाच्या शरीरक्रियाच उपकरणांच्या साह्याने तेथील परिस्थितीशी जुळवून घ्याव्यात, असा त्यांचा प्रस्ताव होता. नियमनाचे कंटाळवाणे काम यंत्राने आपोआप करावे आणि माणूस विचाराला, शोधाला मोकळा राहावा, हा त्यामागील हेतू. ‘रोबो’ हा शब्द त्याहून जुना आहे. कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० च्या नाटकातून तो आला, आणि ज्या चेक शब्दावरून तो बनला त्याचा अर्थ वेठ, सक्तीचे श्रम असा आहे. मर्फी व्याख्येने सायबोर्ग आहे, पण त्याला दिलेले नाव रोबोचे आहे. म्हणजे नामकरणातच त्याची वेठ ठरून जाते.

चित्रपट आणि त्याची पार्श्वभूमी

पॉल व्हेरहोव्हन या डच दिग्दर्शकाचा हा चित्रपट एडवर्ड न्यूमायर आणि मायकेल मायनर यांनी लिहिला. मर्फीची भूमिका पीटर वेलर यांनी, तर त्याची सहकारी ॲन लुइस हिची नॅन्सी ॲलन यांनी केली. कथा नजीकच्या भविष्यातील डेट्रॉइटमध्ये घडते. चित्रीकरण मात्र बरेचसे डॅलसमध्ये झाले. मोटारउद्योगावर वाढलेले आणि त्याच्या पडझडीत खचलेले डेट्रॉइट कथेत ओसीपी नावाच्या महाकाय कंपनीच्या हाती गेलेले आहे. शहराचे पोलीसदल ती कंपनीच चालवते, आणि जुने शहर पाडून त्या जागी नवी नगरी उभारण्याचा तिचा बेत आहे. पोलीस ही सार्वजनिक सेवा राहिलेली नसून कंपनीच्या ताळेबंदातील एक बाब झाली आहे. मर्फीवर जे गुदरते, ते या व्यवस्थेचेच फलित आहे. नगराची मालकी घेणाऱ्या कंपनीला पोलिसाच्या देहाची मालकी घेणे ही पुढची पायरी वाटते.

माणसापासून यंत्र : वजाबाकी

नुकताच बदली होऊन आलेला मर्फी एका टोळीचा पाठलाग करताना पकडला जातो आणि हालहाल करून मारला जातो. कायद्याच्या दृष्टीने तो मृत ठरतो. नोकरीत शिरताना त्याने सह्या केलेल्या कागदांच्या बळावर कंपनी त्याच्या देहावर हक्क सांगते. यानंतरचा प्रसंग प्रेक्षकाला त्या घडत्या यंत्राच्याच डोळ्यांतून दिसतो. वर वाकलेले तंत्रज्ञ, मधूनच बंद होणारा पडदा, कानावर पडणारी तुटक वाक्ये. डावा हात वाचवता आला, असे तंत्रज्ञ अभिमानाने सांगतात. प्रकल्पप्रमुख बॉब मॉर्टन तो काढून टाकायला सांगतो, कारण संपूर्ण कृत्रिम देह असे आधीच ठरलेले असते. त्याला हे ऐकू येत असेल का, या शंकेलाही मॉर्टनकडे उत्तर तयार आहे. स्मृती पुसायचीच असल्यामुळे ऐकले तरी फरक पडत नाही. एक निरोगी हात काढून टाकण्याचा हा छोटा निर्णय महत्त्वाचा आहे. येथे यंत्र माणसातील उणीव भरून काढत नाही. जे शाबूत आहे, तेही आराखड्यात बसत नाही म्हणून वजा केले जाते. क्लाइन्स आणि क्लाइन यांच्या मूळ कल्पनेची ही उलटी बाजू होय.

चार आज्ञा

उरलेल्या मेंदूवर आज्ञावली बसवली जाते. तिच्यात तीन आज्ञा उघड आहेत : जनतेच्या विश्वासाला पात्र राहणे, निरपराधांचे रक्षण करणे आणि कायद्याची अंमलबजावणी करणे. चौथी गुप्त आहे. आयझॅक असिमोव्ह यांनी १९४२ च्या कथेत मांडलेल्या यंत्रमानवाच्या तीन नियमांशी ही रचना ताडून पाहता एक भेद स्पष्ट होतो. असिमोव्ह यांचे नियम उतरंडीने लावलेले आणि सर्वांना ठाऊक असलेले आहेत. त्यांच्या कथा त्या नियमांतील आंतरविरोधांतून जन्मतात. येथे पहिल्या तीन आज्ञा चांगल्या पोलिसाच्या शपथेसारख्याच आहेत. मर्फी जिवंत असताना त्या त्याने मनाने मान्य केलेल्या होत्या. आता त्याच बाहेरून लादल्या आहेत. मूल्य आणि आज्ञा यांचे शब्द सारखे असू शकतात. फरक त्या कोणी आणि कशा स्वीकारल्या यात असतो. पुढील सारी कथा या फरकावर उभी आहे.

आज्ञाधारक अवस्था

गस्तीच्या पहिल्या रात्री रोबोकॉप एका स्त्रीला हल्लेखोरांपासून सोडवतो. ती धावत येऊन त्याला बिलगते. तो मात्र तिला भावनिक धक्का बसल्याची नोंद करतो आणि संबंधित साहाय्यकेंद्राला कळवत असल्याचे सपाट आवाजात सांगतो. कृती योग्य आहे, माहिती अचूक आहे, पण समोरची व्यक्ती त्याच्यापर्यंत पोहोचलेलीच नाही. वेलर यांनी या अवस्थेसाठी मोनी याकिम या मूकाभिनयाच्या शिक्षकाबरोबर सराव केला होता. आधी डोके वळते, मग धड त्यामागून येते. प्रत्येक हालचाल स्वतंत्र आणि पूर्ण. रॉब बॉटिन यांनी घडवलेल्या जड चिलखतात ही लय आणखी संथ झाली. चिलखतातून उघडी राहते ती फक्त हनुवटी आणि ओठ. अभिनयाला एवढीच जागा ठेवल्यामुळे पुढे ओठांच्या कडेला होणारा बारीक बदलही लक्षात येतो.

पहिली खूण : हाताची सवय

स्मृती पुसली गेली असतानाही पहिली खूण फार लवकर दिसते. नेमबाजीचा सराव संपल्यावर रोबोकॉप पिस्तूल बोटाभोवती गरकन फिरवतो आणि मांडीतील कप्प्यात ठेवतो. जवळ उभी असलेली लुइस चमकते, कारण ही लकब तिने मर्फीमध्ये पाहिलेली असते. मर्फीचा मुलगा दूरचित्रवाणीवर टी. जे. लेझर नावाच्या पोलिसाची मालिका पाहत असे. तो नायक पिस्तूल असे फिरवी, आणि चांगल्या पोलिसाला हे यायलाच हवे अशी मुलाची समजूत होती. म्हणून बापाने ते शिकून घेतले. म्हणजे मर्फीची सर्वांत व्यक्तिगत खूण मुळात उसनी आहे, तीही दूरचित्रवाणीच्या एका नायकाकडून. तरी ती त्याची झाली, कारण ती मुलासाठी गिरवली गेली. सवयीचा उगम कुठलाही असो, ती कोणासाठी लागली यावरून ती कोणाची हे ठरते.

सवय का टिकते : स्मृतीचे विज्ञान

हात नवे आणि आठवणी पुसलेल्या, तरी सवय उरली, ही कल्पना अगदीच निराधार नाही. १९५३ मध्ये अपस्मारावरील उपचार म्हणून हेन्री मोलेसन या अमेरिकी तरुणाच्या मेंदूतील दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराच भाग काढण्यात आला. त्यानंतर घडलेली घटना त्याच्या लक्षात राहीना. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवायला लावली. दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला. पण आपण हे पूर्वी केले आहे, याची त्याला दर वेळी आठवण नसे. घटनांची स्मृती आणि कौशल्याची स्मृती मेंदूत वेगवेगळ्या व्यवस्थांवर अवलंबून असतात, हे अशा अभ्यासांतून पुढे आले. कौशल्याच्या स्मृतीत मेंदूच्या तळाशी असलेली केंद्रके आणि अनुमस्तिष्क यांचा मोठा वाटा असतो. मर्फीच्या बाबतीत तंत्रज्ञांनी पुसले ते बहुधा सांगता येण्याजोगे. करता येण्याजोगे तसेच राहिले. पोलादी हाताला ती सवय कशी साधली याचे स्पष्टीकरण चित्रपट देत नाही, पण सवयीचे मूळ स्नायूत नसून मेंदूत असते हे त्यातून अचूक सुचते.

दुसरी खूण : भीती

एका रात्री खुर्चीत विसावलेला रोबोकॉप दचकू लागतो. त्याला स्वप्न पडलेले असते, आणि ते त्याच्या स्वतःच्या खुनाचे असते. नंतर तो कोणाच्याही आदेशाविना उठून ठाण्याबाहेर निघतो. ठरलेल्या कामाबाहेरचे हे त्याचे पहिले पाऊल. कौशल्यानंतर भीतीने परत यावे, हेही विज्ञानाशी सुसंगत आहे. एदुआर क्लापारेद या स्वित्झर्लंडमधील वैद्याने १९११ मध्ये नोंदवलेला प्रयोग या संदर्भात प्रसिद्ध आहे. नव्या आठवणी न टिकणाऱ्या एका रुग्ण स्त्रीशी हस्तांदोलन करताना त्यांनी हातात टाचणी लपवली. पुढे त्यांनी हात पुढे केला तेव्हा तिने आपला हात मागे घेतला, पण त्याचे कारण तिला आठवत नव्हते. वेदनेचा ठसा घटनेच्या आठवणीविना राहू शकतो. मर्फीचे स्वप्न हा असा ठसा आहे. फरक इतकाच की तो त्याचे कारण शोधायला बाहेर पडतो.

तिसरी खूण : इतरांची ओळख

स्वप्नातून उठून निघालेल्या रोबोकॉपला लुइस वाटेत गाठते, त्याचे नाव विचारते आणि उत्तर येत नाही तेव्हा तो मर्फी असल्याचे स्वतःच सांगते. मॉर्टनला हे कळते तेव्हा तो संतापतो. त्याच्या लेखी या वस्तूला नाव नसते, फक्त आज्ञावली असते. पुढे एका पेट्रोल पंपावर रोबोकॉप एमिल नावाच्या गुन्हेगाराला अटक करताना तेच वाक्य उच्चारतो, जे मरण्यापूर्वी मर्फीने त्याला ऐकवले होते. एमिलची पाचावर धारण बसते. ज्याला आपण मारले तोच समोर उभा आहे, हे त्याला कळून चुकते. मैत्रीण हातावरून ओळखते, मारेकरी वाक्यावरून. दोघांची साक्ष जुळते, तेव्हा कुठे रोबोकॉपला स्वतःविषयी विचारण्याजोगा प्रश्न मिळतो. स्मृती हरवलेल्या माणसाची ओळख काही काळ भोवतालच्या माणसांकडे ठेव म्हणून राहते. विसराळूपणा जडलेल्या वृद्धांच्या घरांतही हेच घडते. नाव, नाते, आवडनिवड हे सारे घरचे सांभाळतात.

नोंद आणि घर

ठाण्याच्या संगणकात शोध घेत रोबोकॉप एमिलपासून त्याच्या टोळीपर्यंत, टोळीपासून तिने केलेल्या खुनांपर्यंत, आणि तेथून ॲलेक्स मर्फीच्या नोंदीपर्यंत पोहोचतो. पडद्यावर चेहरा, हुद्दा, पत्ता आणि मृत असल्याचा शेरा असतो. ही माहिती पूर्ण आहे, तरी तिने काही परत मिळत नाही. तो त्या पत्त्यावर जातो. घर रिकामे आहे, विकायला काढलेले आहे, आणि खोल्याखोल्यांतल्या पडद्यांवरून विक्रेत्याची हसरी प्रतिमा घराचे गुण सांगत फिरते. त्या बडबडीच्या मधूनच मुलगा आणि पत्नी यांची दृश्ये उमटतात. प्रत्येक दृश्य एका खोलीला बांधलेले आहे. शेवटी तो मुठीने पडदा फोडतो. नोंदीतून त्याला कळते की तो कोण होता. घरातून जाणवते की त्याने काय गमावले. व्यक्तिमत्त्वाच्या दृष्टीने दुसरे ज्ञान अधिक मोलाचे आहे, कारण हानीचे दुःख फक्त ज्याची हानी झाली त्यालाच होऊ शकते. पुरावा म्हणून दुःख नोंदीहून बळकट ठरते.

राग आणि कायदा

माणूसपणाबरोबर रागही परततो. मादक पदार्थांच्या कारखान्यात टोळीचा म्होरक्या क्लॅरेन्स बॉडिकर हाती लागतो, तेव्हा रोबोकॉप त्याला अटकेतील आरोपीचे हक्क एकेक करून वाचून दाखवतो आणि त्याच वेळी त्याला एकामागून एक काचांमधून भिरकावतो. तोंडाने कायदा, हाताने सूड. गळा आवळला जात असताना बॉडिकर त्याला तो पोलीस असल्याची आठवण करून देतो. तिसरी आज्ञा जागी होते आणि पकड सैलावते. येथे आवरले ते आज्ञेने की मर्फीच्या जुन्या कर्तव्यभावनेने, हे वेगळे करता येत नाही. अखेरच्या झुंजीत मात्र तो आता अटक करायला आलो नाही, असे बॉडिकरला सांगतो आणि त्याला ठार करतो. माणूसपण म्हणजे निव्वळ सद्गुण, असे हा चित्रपट मानत नाही. नियमातून सुटलेल्या मर्फीला करुणा जशी परत मिळते, तशी हत्येची मोकळीकही मिळते.

चेहरा

पोलिसांच्याच गोळ्यांनी जखमी झालेला रोबोकॉप लुइसबरोबर एका बंद पडलेल्या पोलाद कारखान्यात आसरा घेतो. तेथे तो हत्याराने शिरस्त्राणाचे स्क्रू काढतो. समोर येते ती धातूच्या कवटीवर ताणून बसवलेली मर्फीची त्वचा. एका चकचकीत पत्र्यात तो स्वतःला पाहतो. यानंतर तो शिरस्त्राण पुन्हा घालत नाही. चेहऱ्याबरोबर परावलंबनही येते. नेम साधणारी यंत्रणा बिघडलेली असल्याने लुइस त्याचा हात धरून दिशा देते, आणि दोघे बाळअन्नाच्या बाटल्यांवर नेमबाजी करतात. त्याच्या उरलेल्या जिवंत पेशींचे पोषणही तशाच लगद्यावर होते. लहान मुलाचा आहार, कोणीतरी हात धरून शिकवणे, आरशातील प्रथम ओळख. या प्रसंगात बालपणाच्या खुणा ओळीने मांडल्या आहेत. यंत्र म्हणून तो कमकुवत होतो त्या घटकेला त्याचे माणूसपण सर्वांत स्पष्ट दिसते.

जाणीव आणि आठवण

याच ठिकाणी तो कुटुंबाविषयी विचारतो. पत्नी मुलाला घेऊन निघून गेली, तिने नवे आयुष्य सुरू केले, असे लुइस सांगते. आपल्याला ती दोघे जाणवतात, पण आठवत नाहीत, अशा आशयाचे त्याचे उत्तर आहे. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने १६९४ मध्ये मांडले होते की व्यक्तीची एकता तिच्या जाणिवेच्या सातत्यात असते. भूतकाळातील कृती आपली म्हणून जिथवर आठवते, तिथवर व्यक्ती तीच. या कसोटीवर मर्फी अर्धवट उतरतो. प्रसंग तुटक आहेत, सलग जीवनकथा नाही. तरी ओढ शिल्लक आहे, आणि ओढीची दिशा अचूक आहे. आठवणींचे सातत्य तुटले तरी कोणाविषयी आस्था वाटते हे सातत्य टिकू शकते, असे चित्रपट सुचवतो. लॉकच्या व्याख्येला ही महत्त्वाची पुरवणी आहे.

शिर की धड

हा प्रश्न भारतीय कथापरंपरेला नवा नाही. वेताळपंचविशीतील एका कथेत दोन पुरुषांची छाटलेली शिरे घाईत अदलाबदल होऊन धडांना जोडली जातात आणि त्यांतला नवरा कोणता, असे वेताळ विचारतो. शिर हे सर्व अवयवांत श्रेष्ठ, म्हणून नवऱ्याचे शिर ज्याच्यावर तोच नवरा, असा विक्रमाचा निवाडा. गिरीश कर्नाड यांनी ‘हयवदन’ या नाटकात हा निवाडा उसवला. तेथे देहालाही स्वतःच्या आठवणी असतात आणि त्या शिराला स्वस्थ बसू देत नाहीत. मर्फीची स्थिती या दोहोंच्या पलीकडची आहे. त्याचे शिर उरले, पण त्यातील आठवणी पुसल्या. देह गेला, पण देहाची लकब उरली. विक्रमाच्या न्यायाने तो मर्फीच ठरतो. पण ओळख पटते ती शिरामुळे नव्हे, पिस्तूल फिरवणाऱ्या हातामुळे.

चौथ्या आज्ञेची मर्यादा

या परतवाटेला एक पक्की सीमा आहे. बॉडिकरच्या मागे कंपनीचा बडा अधिकारी डिक जोन्स असल्याचे कळल्यावर रोबोकॉप त्याला अटक करायला जातो आणि जागीच लुळा पडतो. कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्याविरुद्ध कारवाई करता येणार नाही, ही ती गुप्त चौथी आज्ञा. ती जोन्सनेच घातलेली असते. शेवटच्या प्रसंगी पूर्ण चेहऱ्यानिशी, पूर्ण जाणिवेनिशी आलेला मर्फीही ती मोडू शकत नाही. तो जोन्सच्या गुन्ह्याचे ध्वनिचित्रमुद्रण संचालकांना दाखवतो आणि आपले हात बांधलेले असल्याचे सांगतो. ओलीस धरला गेलेला कंपनीचा वृद्ध प्रमुख जोन्सला त्या क्षणी नोकरीवरून काढतो. तेव्हाच आज्ञा निष्प्रभ होते आणि गोळी सुटते. विजय मर्फीचा, पण परवानगी मालकाची. दुसऱ्या भागात, १९९० मध्ये, तो विजेचा झटका घेऊन सगळ्या आज्ञा स्वतःच पुसतो. १९९३ च्या तिसऱ्या भागात मात्र चौथी आज्ञा पुन्हा आडवी येते. मालकीचा प्रश्न मालिकेला पुरता सोडवता आला नाही, कारण पहिल्या भागात तो मुळातच सोडवलेला नव्हता.

२०१४ ची उलट रचना

ब्राझिलियन दिग्दर्शक जोसे पाडिल्या यांनी २०१४ मध्ये ही कथा नव्याने चित्रित केली, तेव्हा क्रम उलटा केला. या मर्फीला शुद्धीवर येताच स्वतःची ओळख असते, पत्नी आणि मुलगा त्याच्या भोवती असतात. लोकांसमोर आणण्यापूर्वी त्याच्या भावना आवरेनात, म्हणून मेंदूतील डोपामाइनची पातळी उतरवली जाते. पुढे तो त्या रासायनिक दडपणावर मात करतो. वैद्यकाच्या दृष्टीने ही मांडणी अधिक पटण्याजोगी आहे. डोपामाइनचा प्रेरणेशी असलेला संबंध सुस्थापित आहे. मात्र येथे माणूसपण एखाद्या पातळीसारखे चढते-उतरते. १९८७ च्या मर्फीला ते तुकड्यातुकड्यांनी जुळवावे लागले होते आणि त्यासाठी लुइसची, एमिलची, रिकाम्या घराची साक्ष लागली होती. त्यामुळे जुन्या चित्रपटातील परतणे अधिक सामाजिक आहे, नव्यातील अधिक शारीरिक.

संकल्पनेचा उपयोग

मेंदूत बसवलेल्या विद्युदग्रांनी कंपवाताचे नियमन करता येते, कृत्रिम हात मज्जासंकेतांवर हलवता येतात, हृदयाचा ठोका उपकरण सांभाळते. अशा काळात माणूस आणि यंत्र यांची सीमा किती टक्क्यांवर आखायची, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. मर्फीची कथा तो प्रश्न बदलून घेते. देहाचा किती भाग धातूचा आहे याला तिच्यात महत्त्व नाही. त्या धातूवर आणि त्यातील आज्ञावलीवर हक्क कोणाचा, याला आहे. देहातील उपकरण रुग्णाच्या हितासाठी चालते तोवर तो रुग्णच राहतो. ते दुसऱ्याच्या हितासाठी, त्याला न कळवता चालू लागले, की चौथी आज्ञा बसवली गेली असे समजावे.

नाव

झुंज संपल्यावर वृद्ध प्रमुख त्याच्या नेमबाजीची तारीफ करतो, त्याला मुलासारखे संबोधतो आणि नाव विचारतो. निघालेला रोबोकॉप वळतो आणि मर्फी हा एकच शब्द उच्चारतो. हाच प्रश्न लुइसने विचारला होता तेव्हा त्याच्याकडे उत्तर नव्हते. नाव सांगण्याच्या थोडे आधी, कारखान्यात, जखमी लुइसला तो धीर देतो : ते तुला दुरुस्त करतील, ते सगळेच दुरुस्त करतात. पहिल्या रात्री बिलगलेल्या स्त्रीला त्याने साहाय्यकेंद्राचा हवाला दिला होता. आता त्याच्या शब्दांत उपरोध आहे, आणि उपरोध यंत्राला जमत नाही. सवय, भीती, ओळख, दुःख, राग, आस्था आणि नाव, इतके सारे त्याने परत मिळवले. नाव विचारणारा मात्र त्याच कंपनीचा प्रमुख आहे, आणि चौथी आज्ञा अजून जागेवर आहे.